काचेच्या टाकीला ओव्हरफ्लोसाठी होल पाडावं की नाही? (४ फुटी टाकी, जळगाव)

मेहरूणचा_मासा | २० फेब्रुवारी, रात्री १०:१२

मंडळी, आतेभावाची भुसावळहून बदली झाली आणि त्याची चार फुटी टाकी माझ्या गळ्यात पडली. माप ४८ × १८ × २० इंच, काच १० मिमी. हिशेबाने २८३ लिटर. आठेक वर्षांपूर्वी तिकडच्या एका काचवाल्याकडून करून घेतलेली, त्यामुळे कंपनीचं लेबल वगैरे काही नाही.

आमच्या बोअरचं पाणी भयंकर जड. गीझरची कॉइल वर्षाला बदलतो, नळाच्या तोंडाला चुन्याची दाढी. त्यामुळे मऊ पाणी लागणाऱ्या डिस्कस-बिस्कस माशांच्या नादी न लागता आफ्रिकन सिक्लिड घ्यायचं ठरलंय. हे मासे मूळचे मलावी सरोवरातले, तिथलं पाणी मुळातच क्षारयुक्त, पीएच ७.८ ते ८.६ च्या घरातलं. आपलं पाणी त्यांना माहेरासारखं. पण हे मासे खातात दणकून आणि घाणही तेवढीच करतात, म्हणून खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, बसवायचा आहे. सम्पसाठी ३० × १४ × १५ इंचाची जुनी टाकी घरात आहे, तिच्यात १०३ लिटर मावतं.

आता वरचं पाणी खाली कसं आणायचं? दोन वाटा दिसतात. एक, काचेला होल पाडून पाइप काढायचा. दुसरी, काठावर अडकवायचा सायफनचा ओव्हरफ्लो बॉक्स, होल नको आणि टेन्शनही नको. टाकी डाव्या भिंतीला आडवी लावलीय, उजवी बाजू स्वयंपाकघराकडे मोकळी आहे, म्हणून होल पाडलंच तर उजव्या छोट्या काचेला पाडावं म्हणतो.

घर दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकांनी दिवाळीत हॉलला नवीन पीओपी करून घेतलंय. बाकी समजून घ्या.

केळीबाग | २० फेब्रुवारी, रात्री १०:३१

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

कळण्याची_भाकरी | २० फेब्रुवारी, रात्री ११:०५

आधी एक अरसिक प्रश्न. सम्प हवाच कशाला? चार फुटीला दोन मोठे कॅनिस्टर (बाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर) लावा, नाहीतर वरचा ट्रे फिल्टर. माझ्याकडे पाच वर्षं ट्रे फिल्टरवर वीस सिक्लिड आहेत. काचेला भोक नाही, खाली टाकी नाही, खालच्या काकांशी संबंध उत्तम.

सम्प म्हणजे घरात दोन टाक्या, आणि दोघींमधलं पाणी सतत ये-जा करतंय. ज्या घरात लाइट जाते तिथे ही ये-जा कधी, कुठे थांबेल याचा नेम नाही.

मेहरूणचा_मासा | २० फेब्रुवारी, रात्री ११:२०

भाकरीताई, कॅनिस्टरचे भाव बघून आलो आणि मग सम्प आठवला :) शिवाय मे महिन्यात सम्पवर पंखा मारून पाणी दोन-तीन डिग्री उतरवता येतं असं ऐकलंय. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको.

धुळेकर_नाना | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

मुला, काठावरचा सायफन मी तीन वर्षं वापरला. दोनदा घरात पाणी झालं, म्हणून सांगतो.

सायफन बॉक्सचं काम असं. टाकीच्या आत एक डबी, बाहेर एक डबी, दोघांना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी. नळी भरलेली असेल तोवर पाणी आपोआप बाहेर जातं. लाइट गेली की दोन्ही डब्यांत पाणी अडून राहतं, नळी भरलेलीच राहते, आणि लाइट आली की परत सुरू. कागदावर झकास. पण प्रवाह मंद असला तर पाण्यातले बारीक बुडबुडे नळीच्या माथ्यावर साठत जातात. महिनाभर कळत नाही. मग एके दिवशी लाइट जाते, पाणी स्थिर होतं, त्या हवेचा एकच मोठा फुगा होतो आणि सायफन तुटतो. लाइट येते. खालचा पंप बिचारा प्रामाणिक, तो पाणी वर चढवत राहतो. खाली यायची वाट मात्र बंद.

पहिल्या वेळी आम्ही घरात होतो. दुसऱ्या वेळी लग्नाला शिरपूरला गेलो होतो. आल्यावर गादी वाळत घातली ती तीन दिवस वाळत होती.

ती हवा खेचायला छोटा पंप मिळतो, तो माथ्याला जोडतात. पण तो बंद पडला की पुन्हा तेच. पुण्या-मुंबईला चालत असेल. आपल्याकडे आठवड्याला मेंटेनन्सच्या नावाखाली लाइट जाते, वळवाचा वारा सुटला की वेगळी जाते. दर वेळी सायफनची परीक्षा. नापास व्हायला त्याला एकच पेपर पुरतो.

होल पाड. होलातून पाणी गुरुत्वाकर्षणानेच जातं, ते ‘सुरू’ करावं लागत नाही.

तापीथडी | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नानांशी सहमत, पण मधली एक पायरी सुटतेय. होल पाडण्याआधी काच कोणती आहे ते बघा. साधी काच (फ्लोट, अॅनिल्ड) असेल तर पाणी आणि धीर या दोन गोष्टींवर होल पडतं. टफन काच असेल तर कितीही हळू हात ठेवा, बिट वरचा थर ओलांडून आत गेला की पूर्ण काच एका क्षणात खडीसाखर होते. टफन करताना काच तापवून बाहेरून झटकन गार करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबाखाली आणि गाभा ताणाखाली कायमचा अडकतो. तो तोल मोडला की संपलं. म्हणून कारखान्यात आधी होल पाडतात आणि मग टफन करतात.

काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो असं सांगतात. असला तर टफन नक्की. नसला म्हणून साधी आहे असं समजू नका.

घरी करायची तपासणी अशी. टाकी रिकामी. लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण पांढरा करा, काचेच्या पलीकडे धरा. अलीकडून पोलराइज्ड गॉगल लावून बघा आणि गॉगल फिरवत राहा, एका कोनात स्क्रीन काळा पडेल. त्या कोनात काच साधी असेल तर सगळं एकसारखं काळं. टफन असेल तर काळ्यात उजळ पट्टे, ढगासारखे डाग, कधी इंद्रधनुषी छटा दिसतात. पाचही काचा वेगवेगळ्या तपासा. तळाची काच टफन आणि बाजूच्या साध्या, असं तयार टाक्यांत पुष्कळदा असतं.

मेहरूणचा_मासा | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:२८

माझी टाकी लोकल काचवाल्याची आहे, तो कुठून टफन लावणार? तरी बघतो. गॉगल मेव्हण्याकडे आहे.

कळण्याची_भाकरी | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

"तो कुठून लावणार" या वाक्यावर खान्देशात किती घरं उभी आहेत आणि किती पडलीत!

मेहरूणचा_मासा | २२ फेब्रुवारी, रात्री ९:५५

तापीथडी भाऊ, तुमचे पाय कुठे आहेत?

पुढची, मागची, डावी आणि तळाची काच एकसारखी काळी. उजवी, म्हणजे जिला मी होल पाडणार होतो तीच, चित्त्यासारखी ठिपक्याठिपक्यांची! आधी वाटलं गॉगलवर बोटांचे डाग आहेत. पुसून तीनदा बघितलं, बायकोला दाखवलं, शेजारच्या मुलाला दाखवलं. आतेभावाला फोन लावला तेव्हा त्याला आठवलं. क्वार्टर बदलताना ती काच तडकली होती आणि काचवाल्याने ‘आहे तो तुकडा’ बसवून दिला होता.

गिरणाकाठ | २२ फेब्रुवारी, रात्री १०:१०

शंका. टफन काच कापता येत नाही ना? मग मापात कशी बसली?

मेहरूणचा_मासा | २२ फेब्रुवारी, रात्री १०:३४

टेप घेऊन बसलो. बाकी काचांपेक्षा रुंदीला पाच मिमी कमी आहे आणि तेवढी फट सिलिकॉनने भरलीय. बहुतेक कुठल्यातरी दुकानाच्या शोकेसचा शेल्फ. इतकी वर्षं गळली नाही हे त्या काचवाल्याचं कसब म्हणायचं की नशीब, तुम्हीच ठरवा.

तर आता मागची काच. म्हणजे टाकी भिंतीपासून पाइपापुरती पुढे सरकवावी लागेल.

शेवभाजी_साक्री | २२ फेब्रुवारी, रात्री १०:५०

भाऊ, मन्हं आयक. काच फुटनी ते रडत बसू नको, आनि नई फुटनी ते पेढा आठे धाडजो.

तापीथडी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

वाचलात. आता मागची काच साधी आहे म्हणून लगेच ड्रिल काढू नका. हिशेब दोन्ही बाजूंचा करायचा असतो, लोक एकच करतात.

पहिली बाजू: लाइट गेली. पंप थांबतो. वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या काठावरचं सगळं पाणी खाली येतं. तुमच्या टाकीचा पृष्ठभाग १२२ × ४६ सेंमी, म्हणजे ५,६१२ चौरस सेंमी. पाण्याची पातळी १ सेंमी उतरली की ५.६ लिटर खाली. एक इंच म्हणजे १४ लिटरच्या वर. आणि चोर तो परतीचा पाइप, पंपाचं पाणी वर नेणारा. त्याचं तोंड पाण्यात दोन इंच बुडालेलं असेल तर पंप थांबल्यावर तोच उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत २८ लिटर खाली ओढतो. म्हणून परतीचं तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. काही जण पाइपाला पाण्यालगत बारीक भोक पाडतात, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून. चांगला उपाय, पण आपल्या पाण्यात ते भोक क्षाराने बुजतं. महिन्याला काडी घालावी लागते. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, त्याची झडप क्षाराने अर्धवट अडकते.

दुसरी बाजू: खाली यायचा पाइप तुंबला. लाइट चालू आहे, पंप वर पाणी टाकतोय. तो किती टाकू शकतो? सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, पंप असतो तिथे, जेवढं पाणी आहे तेवढंच. तो कप्पा २० लिटरचा ठेवला तर वरची पातळी साडेतीन सेंमीपेक्षा थोडी जास्त चढेल. मग ओव्हरफ्लोचा काठ टाकीच्या वरच्या कडेपासून किमान ५ सेंमी खाली हवा. असं केलं की पाइपात आख्खा मासा अडकला तरी फरशी कोरडी.

या दोन आकड्यांचं उत्तर वहीत येईपर्यंत होलाचा विषय बंद.

धुळेकर_नाना | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

माझी गादी या दुसऱ्या हिशेबात वाचली असती. पंपाचा कप्पा मी मोठ्या हौसेने ६० लिटरचा केला होता.

केळीबाग | २३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता माझ्या कामाचा विषय आला. मी रावेरकडचा, केळीला ठिबक आहे, त्यामुळे पीव्हीसीशी रोजचा संबंध. अॅक्वेरियमवाले ज्याला बल्कहेड म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात, ते म्हणजे गच्चीवरच्या टाकीला लावतो ते टँक निपल. आपल्याकडे कुठल्याही पाइपाच्या दुकानात एक इंची मिळतं. जळगावात तर पाइपाची दुकानं किराण्याइतकी.

फक्त आधी निपल घ्या, मग बिट घ्या. "एक इंच" हे आतल्या पाइपाचं नाव आहे, बाहेरचा आटा बराच जाड असतो. व्हर्निअरने आट्याचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याहून दोन-तीन मिमी मोठा बिट. माझ्याकडच्या निपलचा आटा ४२ मिमी भरला, ४५ चा बिट बरोबर बसला. दुसऱ्या कंपनीचं वेगळं भरेल.

रबरी वॉशर टाकीच्या आतल्या बाजूला, निपलच्या चकतीखाली. नट बाहेरून. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. पान्हा लावून मर्दुमकी दाखवली की काच जाते, आणि मग लोक म्हणतात होलामुळे गेली.

सातपुडा_सावली | २३ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

काचवाल्याकडूनच का नाही पाडून घेत? बेसिनच्या काचेला पाडून देतात की.

मेहरूणचा_मासा | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

दोघांना विचारलं. एक म्हणाला सुटी काच आणा, जोडलेल्या टाकीला हात लावत नाही. दुसरा तयार झाला, वर म्हणाला "फुटली तर तुमची". फुटली तर माझीच असेल तर पाडण्याची मजा त्याला का द्यायची?

हिशेब केला. सम्प चालू असताना ६० लिटर ठेवणार, म्हणजे ४३ लिटर जागा मोकळी. लाइट गेल्यावर काठावरचं दीड सेंमी पाणी म्हणजे साडेआठ लिटर, होलाभोवती आतून लावायच्या बॉक्समधलं आणि पाइपातलं मिळून पाचेक, परतीच्या पाइपाचं एक-दीड. एकूण १५ धरतो. पंपाचा कप्पा १८ लिटरचा.

तापीथडी भाऊ, होल एक की दोन?

तापीथडी | २३ फेब्रुवारी, रात्री ८:०५

दोन. शंभरदा विचारलंत तरी दोन. एक होल म्हणजे एक गोगलगाय पुरे.

मागच्या काचेच्या आतून काचेचा किंवा अॅक्रिलिकचा बॉक्स चिकटवा, वरच्या काठाला दाते. पाणी दातांवरून बॉक्समध्ये पडेल. म्हणजे टाकीची पातळी होल ठरवणार नाही, दाते ठरवतील, आणि मासेही पाइपात जाणार नाहीत. बॉक्समध्ये दोन्ही होलं. मुख्य पाइपाच्या एल्बोचं तोंड खाली, इमर्जन्सीच्या एल्बोचं तोंड वर आणि उंच. मुख्य पाइपाला खाली व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह इतका बंद करायचा की पाइप पूर्ण भरून वाहील आणि आवाज मरेल. इमर्जन्सीला व्हॉल्व्ह लावायचा नाही. कधीच नाही. लाइट आल्यावर मुख्य पाइपातली हवा निघेपर्यंत मिनिटभर इमर्जन्सी सांभाळून घेतो.

होलाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान होलाच्या व्यासाइतकी काच राहिली पाहिजे, आणि दोन होलांमध्येही तेवढीच. ४५ मिमीचं होल असेल तर केंद्र वरच्या कडेपासून किमान ७ सेंमी खाली हवं. १० ठेवलंत तर एल्बोलाही जागा होईल.

बॉक्स चिकटवायला बाथरूमचा बुरशीरोधक सिलिकॉन आणू नका, त्यातलं औषध माशांनाही लागू पडतं. साधा, व्हिनेगरसारखा वास येणारा, १०० टक्के सिलिकॉन. दोन-तीन दिवस वाळू द्या.

कळण्याची_भाकरी | २३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

मी अजूनही ट्रे फिल्टरच्याच पक्षात आहे, हे नोंदवून ठेवा. पण पाडणारच आहात तर आधी भंगार काचेवर पाडा. पोळी पहिल्यांदा करताना कोणी पाहुण्यांना वाढत नाही.

मेहरूणचा_मासा | १ मार्च, रात्री ११:१८

आजचा वृत्तांत. जरा लांब आहे.

काचवाल्याकडून १० मिमीचे दोन भंगार तुकडे आणले (आधी गॉगलखाली घातले, अक्कल आलीय). ४५ मिमीचा डायमंड बिट. मशीन आधी घरचं वायरचं काढलं होतं, पण पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र नको म्हणून मित्राचं बॅटरीवालं आणलं. हॅमर मोड बंद आहे ना, तीनदा बघितलं. वेग सर्वांत कमी.

पहिला तुकडा. बिटच्या मध्ये टोक नसतं, त्यामुळे सुरुवातीला तो काचेवर बर्फावर बैल घसरावा तसा घसरतो. एक रेघोटी कायमची. मग प्लायच्या फळीला त्याच बिटाच्या मापाचं भोक पाडलं, ती फळी काचेवर क्लॅम्पने धरली आणि त्या भोकातून बिट चालवला. आता हलेना. पाण्याचं काय करायचं? सगळे पुट्टी सांगतात. मी स्वयंपाकघरातून कणीक घेतली, घट्ट भिजवली आणि गोल बांध घातला. आत वाटीभर पाणी. पांढरं दूध होतं काचेच्या पिठाचं, ते मधूनमधून स्पंजने उपसून नवीन पाणी. आठव्या मिनिटाला वाटलं झालंच, आणि मी दाब दिला. ‘कट्’. खालच्या बाजूने शंखाएवढा टवका उडाला आणि त्यातून तडा थेट कडेपर्यंत.

दुसरा तुकडा. या वेळी दाब दिलाच नाही, मशीनचं वजन तेवढाच दाब. शेवटच्या दोन मिमीला तर मशीन उलट उचलून धरलं. बारा मिनिटं लागली. खालून टेप चिकटवलेली होती, चकती अलगद टेपवर बसली. कड अशी गुळगुळीत की बायकोने "हे तू केलंस?" असं विचारलं. पंधरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न या सुरात पहिल्यांदा आला.

आता खरी टाकी. रिकामी टाकी थर्मोकोलवर पुढच्या काचेवर आडवी केली, मागची काच वर आली. आतून टेप, खाली दुलई, म्हणजे चकती पडली तर पुढच्या काचेवर पडू नये. चष्मा, हातमोजे. फळी, कणीक, पाणी. पहिलं होल तेरा मिनिटं, कसलाही प्रकार नाही. दुसऱ्याला आतल्या बाजूने तांदळाएवढा टवका गेला. तिथे वॉशर बसतो, झाकला जाईल ना?

केळीबाग | २ मार्च, सकाळी ६:५०

तांदूळ कडेलाच असेल आणि वॉशरची रुंदी त्याच्या पलीकडे जात असेल तर झाकला जाईल. बोट फिरवून बघा, टवक्यातून केसासारखी रेघ पुढे गेलेली नको. रेघ असेल तर ती थांबणार नाही.

कणकेची आयडिया शेतात वापरणार. कशाला ते विचारू नका.

शेवभाजी_साक्री | २ मार्च, सकाळी ८:१५

पेढा?

मेहरूणचा_मासा | ११ मार्च, रात्री १०:४०

रेघ नाही. बॉक्स चिकटवला, तीन दिवस वाळू दिला, निपल बसवले. पाणी भरल्यावर दुसऱ्या होलाच्या नटाखालून थेंब. पोटात गोळा. टवक्यावर संशय, रात्रभर झोप नाही. सकाळी निपल काढला तर मीच वॉशर बाहेर नटाच्या बाजूला घातलेला! केळीबाग दादांनी लिहिलेलं वाचूनही. आत घातला, थेंब बंद. तीन दिवस खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, कोरडं ठणठणीत.

मग मुद्दाम मेन स्विच पाडून बघितलं. सम्पवर मार्करने आधीच दोन रेघा मारल्या होत्या, ‘चालू’ आणि ‘बंद’. पाणी ‘बंद’च्या रेघेवर जेमतेम अर्धं बोट चढून थांबलं. मोजलं तर १७ लिटर उतरलं, १५ चा हिशेब होता. दोन लिटर कुठून आले ते कळलं नाही, पण मोकळी जागा ४३ ची होती म्हणून नुसता हसलो. स्विच परत टाकला. इमर्जन्सी मिनिटभर खळखळला आणि गप्प झाला.

मुख्य पाइप मात्र गप्प होत नाही. सतत चुळबुळ, मध्येच घशात अडकल्यासारखं घर्र. बायको म्हणते कोणीतरी रात्रभर चूळ भरतंय.

तापीथडी | ११ मार्च, रात्री ११:०२

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवलाय. हवा आणि पाणी दोन्ही जातंय, म्हणून घर्र. हळूहळू बंद करत जा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबा. बॉक्समधली पातळी मुख्य एल्बोच्या वर चढून स्थिर झाली पाहिजे, आणि इमर्जन्सीत करंगळीएवढी धार गेली पाहिजे. कोणता व्हॉल्व्ह लावलाय?

मेहरूणचा_मासा | ११ मार्च, रात्री ११:०६

ठिबकचा बॉल व्हॉल्व्ह.

तापीथडी | ११ मार्च, रात्री ११:१०

मग तुमचं मनगट सोनाराचं हवं. बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला की धार निम्मी होते. गेट व्हॉल्व्ह लावा, चार-पाच फेऱ्यांत बारकाईने जमतो.

कळण्याची_भाकरी | १२ मार्च, सकाळी ७:३०

अभिनंदन. आता माझा खोचक प्रश्न: उन्हाळा लागला. सम्पवर पंखा मारणार म्हणालात. आपल्या कोरड्या हवेत त्या चार फुटी पृष्ठभागावरून आणि सम्पवरून मिळून दिवसाला पाच-सात लिटर उडून जाणार. वरची पातळी दात्यांमुळे हलणार नाही, सगळी घट त्या १८ लिटरच्या कप्प्यात दिसेल. तीन दिवस गावाला गेलात की पंप कोरडा फिरून जळेल. आणि भर कशाची घालणार, त्याच बोअरच्या पाण्याची? पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. दोन महिन्यांत तुमच्या मलावीचं लोणार सरोवर होईल.

धुळेकर_नाना | १२ मार्च, सकाळी ८:००

हा मुद्दा खरा आहे. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घालायची. आणि आठवड्याचं पाणी बदलायचं ते बोअरचं चालेल. आमच्या चिरंजीवांनी एकदा उलटं केलं, ‘पाणी वाया जातं’ म्हणून आरओच्या वेस्टची (म्हणजे क्षार साठलेल्या पाण्याची) नळी थेट सम्पमध्ये सोडली होती. हेतू चांगला होता.

मेहरूणचा_मासा | २७ एप्रिल, रात्री ९:३०

बरेच दिवसांनी. बाहेर ४४ आहे, पाणी ३० वर धरून ठेवलंय पंख्याने. रोज सहा लिटर आरओचं पाणी जातं, भाकरीताईंचा अंदाज अचूक. कप्प्याला फ्लोट व्हॉल्व्ह लावला, वर २० लिटरचा जार. गेट व्हॉल्व्ह लावल्यापासून चूळ भरणारा निघून गेला. बारा यलो लॅब (पिवळे सिक्लिड) सोडलेत, दोन आत्ताच एकमेकांवर डूख धरून आहेत.

परवाच्या वादळात लाइट चार तास नव्हती आणि आम्ही पाचोऱ्याला होतो. परतताना गाडीत मी गप्प होतो, बायको दोनदा विचारून थकली. घरी आलो तर पाणी रेघेवर, फरशी कोरडी, पंप चालू. सम्पमधल्या मीडियाचा (फिल्टरच्या मालाचा) वास घेऊन बघितला, ठीक होता. तरी बॅटरीवाला एअर पंप मागवलाय.

शेवभाजी भाऊ, पेढे शिरपूरमार्गे निघालेत, नाना आणून देतील.

आणि हो, ४५ मिमीचा बिट पडून आहे. चार होलं झालीत त्याची, एक फुटलेलं धरून. जळगाव-भुसावळकडच्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा. कणीक तुमची.